दोनशे लिटर, अंदाजे

माझे सासरे दर शनिवारी पहाटे साडेपाचला अंघोळ आटोपून, कानाला मफलर गुंडाळून दुसऱ्या माणसाच्या घरी बिअर प्यायला जाऊ लागले, तिथून माझ्या घसरणीला सुरुवात झाली.

पहाटे बिअर पिणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये अकरा वर्षं काढल्यावर बिअरच्या वेळेबद्दल माणसाचं काही म्हणणं उरत नाही. माझं म्हणणं आहे ते 'दुसऱ्या माणसाच्या' या दोन शब्दांबद्दल.

कारण स्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग घडवणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यात बिअर हा विषय माझ्याकडे होता. कुणी रीतसर नेमणूक केली नव्हती. पण गणपतीची वर्गणी जशी एकाकडे असते, व्हिसाचे फॉर्म जसे दुसऱ्याकडे असतात, तशी बिअर माझ्याकडे. चाकणहून नवा इंजिनिअर आला की पहिल्या शनिवारी तो माझ्या बाल्कनीत यायचा. टेबलावर चार बाटल्या, फिकट ते गडद या क्रमानं. प्रत्येकीचा ग्लास वेगळा. मग मी १५१६ सालच्या शुद्धतेच्या कायद्यापासून, म्हणजे बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्सची कडसर फुलं यांखेरीज काही नको तिथून, सुरुवात करून ग्लास पंचेचाळीस अंशांत का धरायचा इथपर्यंत यायचो. हे व्याख्यान एक तास चाळीस मिनिटांचं होतं. नीता, म्हणजे माझी बायको, दोन तास दहा मिनिटं म्हणते. दुसऱ्यांदा कुणी येत नसे, याचा अर्थ एकदा ऐकून विषय पूर्ण समजत असे.

नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे व्याख्यान मागच्या दोन्ही मुक्कामांत ऐकलं होतं. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाशिक जिल्ह्यात तीस वर्षं खो-खोचे पंच. बक्षीस समारंभात अध्यक्षांचं भाषण ऐकावं तसे ते हाताची घडी घालून बसायचे आणि शेवटी "बरं" म्हणायचे. माझ्याबद्दल त्यांनी इतक्या वर्षांत उच्चारलेली सर्वांत मोठी स्तुती म्हणजे "गाडी सावकाश चालवतात." मी ती जपून ठेवली होती.

२०१६ च्या जुलैत ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर तिसऱ्यांदा आले, आणि त्याच्या आधीच्या हिवाळ्यात नागेश आला होता.

नागेश मेलबर्नला सात वर्षं काढून आमच्याच कंपनीत लागला. वय एकोणचाळीस, केस शाबूत. राहायला आमच्याच गल्लीच्या वरच्या टोकाला. त्याच्या फ्रिजमध्ये ज्या बाटल्या होत्या त्यांच्यावर अस्वलं, कवट्या आणि बुडणारी जहाजं होती. क्राफ्ट बिअर. साधी पाच टक्क्यांची नव्हे. नऊ टक्के, अकरा टक्के, एक तर साडेबारा. कशात कॉफी, कशात मिरची, एक व्हिस्कीच्या जुन्या पिंपात वर्षभर झोपवलेली. १५१६ सालच्या कायद्याचा एवढा उघड अपमान मी एका फ्रिजमध्ये कधी पाहिला नव्हता.

आणि सोबत तो खेळ. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एकेका बाजूला अठरा माणसं, अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे बनियन. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी एक गुण देतात. असा खेळ मला शाळेत मिळाला असता तर मी आज कुठल्या कुठे असतो.

मेलबर्नची दुपार म्हणजे आमची पहाट. त्यामुळे शनिवारी पहाटे पावणेसहापासून नागेशच्या दिवाणखान्यात सामने सुरू व्हायचे. एकदा वाणसामान आणायला गेलेल्या नानांना त्यानं रस्त्यात गाठलं, चहाला नेलं, आणि टीव्हीवर नानांना गोलपंच दिसला. खांबांमध्ये ताठ उभा. चेंडू आत गेला की दोन्ही हातांची बोटं पुढे करून सहा गुण जाहीर करणारा. चुकला की एकच बोट. नाना त्या माणसाच्या प्रेमातच पडले. त्या दिवसापासून ते शनिवारी आमच्या घरचे राहिले नाहीत. इतर दिवशीही तसेच. जेवताना मी काही मत मांडलं की ते घास थांबवून, विचार करून, एक बोट पुढे करायचे. आठवडाभर मला वाटलं ते मीठ मागतायत.

निरीक्षणासाठी म्हणून मी एकदा नागेशकडे गेलो. सोफ्यावर नाना मधोमध, शेजारी सत्यजित. हा सत्यजित तीन वर्षांपूर्वी माझ्या बाल्कनीत तयार झालेला. मला पाहून तो जरा सरकला. सोफ्यावर बसणाऱ्या फितुराला सरकण्यापलीकडे काय करता येतं? आठ वाजून गेले होते, पहिला सामना संपत आला होता आणि दोन सामन्यांमधली बाटली उघडली जात होती.

"नाना, हिला थोडी गरम होऊ द्या," नागेश म्हणाला. "गार प्यायली तर काही बोलणार नाही ती."

गरम बिअर. मी टीव्हीकडे पाहिलं.

"वास कशाचा येतोय सांगा," सत्यजित म्हणाला.

नानांनी डोळे मिटले. "करपलेली पोळी. आणि मागून मनुका."

"मनुका. बरोबर. मला चार वर्षं कळत नव्हतं ते काय आहे." नागेशनं खरोखर फोनमध्ये लिहून घेतलं. "आणि यंदा कोण जिंकणार, नाना?"

"ते लाल-निळे. बुलडॉग."

"सातव्या नंबरवर आहेत हो ते. एकदाच जिंकलेत, चोपन्न साली. सातव्या नंबरवरून आजवर कुणी आलेलं नाही."

"म्हणून तर," नाना म्हणाले, आणि सगळे हसले. चेष्टेनं नव्हे. तेच मला लागलं. माझ्या बाल्कनीत नाना एकदा "कडू आहे" म्हणाले होते, तेव्हा मी त्यांना "कडू नाही नाना, हॉप्स" असं सुधारलं होतं.

मग गप्पा सुरू झाल्या. पंधराचा सीझन बरा की चौदाचा, आठ साली कोण कसं हरलं, कुठली बाटली दोन वर्षं ठेवली तर मऊ होते आणि कुठली नुसतीच म्हातारी होते. मध्येच मी १५१६ सालाचा उल्लेख केला. नागेशनं लगेच टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाला, "सांगा ना, सर." आवाज चालू असता तर मी बोललो असतो. त्या शांततेत मला एकदम आठवलं की यातल्या प्रत्येकानं ते ऐकलेलं आहे.

घरी येताना नाना चढावर थांबले आणि म्हणाले, "दीनानाथराव, तुमची बिअर शिस्तीची असते. त्याची बिअर गप्पा मारते."

त्याच दुपारी मी ठरवलं. घरी बिअर बनवायची. तीही तेरा टक्क्यांची. कारण नागेशची साडेबारा होती. एक ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियात मोठा अंतिम सामना होता आणि तीनला नानांचं विमान. एकला नानांच्या हातात माझा ग्लास असणार, आणि त्या ग्लासाकडे पाहून ते दोन्ही हातांची बोटं पुढे करणार. मला आयुष्यात एवढंच हवं होतं. ही मागणी फार मोठी नाही.

नीताला मी हे एक छंद म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, नागेशला विचारा ना, त्यानं केलीय म्हणे तिकडे." मी छंदाबद्दल पुन्हा बोललो नाही. सत्यजितनं, पश्चात्ताप म्हणून असेल, ऑफिसात करतात तसा संभाव्य बिघाडांचा तक्ता करून दिला. त्यात धोक्याच्या क्रमवारीत पहिल्या नंबरावर 'बनवणारा' असं होतं.

आता तेरा टक्के म्हणजे साखर पुष्कळ लागते. दुकानातल्या धान्याच्या पाकानं हिशेब नऊच्या वर जाईना. स्वयंपाकघरात वरच्या कपाटात नानांनी आणलेली कोल्हापुरी गुळाची चार किलोंची ढेप होती, गणपतीतल्या मोदकांसाठी राखून ठेवलेली. मी ती उसनी घेतली. उसनी म्हणजे परत करण्याच्या बोलीवर. फक्त ही बोली अजून कुणाला सांगायची राहिली होती.

पण त्याआधी कायदा. जर्मनीत माणसाला घरी वर्षाला दोनशे लिटरपर्यंत बिअर करमाफ बनवता येते. मात्र सुरू करण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या कचेरीला, म्हणजे हाउप्टत्सोलआम्टला, कुठे बनवणार आणि अंदाजे किती ते कळवावं लागतं. कळवावं लागतं, एवढंच. शेजारच्या गावातला एक जर्मन सहकारी दोन ओळींची ईमेल टाकून मोकळा झाला होता. पण ज्याचं बालपण रेशनकार्डाच्या रांगेत गेलं, त्याला दोन ओळींत सरकारशी बोलता येत नाही. मी चार पानी निवेदन केलं. सोबत राहण्याचा दाखला, भाडेकराराची प्रत, कुटुंबातल्या माणसांची नावं वयासह, इंजिनिअरिंगच्या पदवीची प्रत. आणि 'अंदाजे प्रमाण' या रकान्यात लिहिलं: दोनशे लिटर.

बनवणार होतो वीस. पण मंजूर करताना कमी करतात, हे आपल्या रक्तात आहे. दोनशे मागावे तेव्हा वीस हातात पडतात.

दहा दिवसांनी उत्तर आलं. अत्यंत सभ्य. आपली दोनशे लिटरची सूचना मिळाली, नोंद केली, पदवीची प्रत परत पाठवत आहोत, यश लाभो. एका लिटरनंही कमी केलं नव्हतं. शिक्काही नव्हता. मी कचेरीला फोन करून शिक्क्याबद्दल विचारलं. पलीकडच्या गृहस्थांनी माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग त्यांनी हळुवारपणे विचारलं, "तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

शिक्का नाही तर नाही. पण कागद सरकारी होता. मी तो लॅमिनेट केला आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या फलकावर लावला, म्हणजे उद्या तळघरातल्या सामायिक धुण्याच्या खोलीत कुणाला पिंप दिसलं तर आक्षेप नको. नियमानं वागणाऱ्याच्या अंगाशी काय येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तनया, आमची चौदा वर्षांची, शाळेतून येताना तो कागद वाचून वर आली आणि म्हणाली, "पापा, पाइन्लिश." लाज आणणारं काही असलं की तिचा हा शब्द. घरात माझं तेच नाव पडायच्या बेतात आहे.

त्या जिन्याबद्दल सांगायला हवं. श्वाबेन प्रांतात प्रत्येक इमारतीत केअरवोखे नावाची पद्धत असते. आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि त्यानं जिना, अंगण, कचऱ्याची जागा झाडायची. आमच्याकडे आठ बिऱ्हाडं. पाटीवर तळमजल्याच्या फ्राऊ हेबर्ले यांची देखरेख. वय चौऱ्याहत्तर, नजर पंचवीस. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या झाडण्यावर एकदाही समाधान व्यक्त केलेलं नाही. इथे असमाधान व्यक्त न करणं हेच समाधान असतं असं मला सांगतात, पण ते त्या व्यक्त करतात.

सहा ऑगस्टला मी तळघरात वीस लिटरचं पिंप मांडलं. धान्याचा पाक, हॉप्स, चार किलो गूळ, वर यीस्ट. पुस्तकात होतं, अठरा-वीस अंशांत ठेवा. तळघर तेवढंच गार होतं. आता, आंबवणं म्हटलं की आपल्या घरात काय करतात? इडलीचं पीठ असो की विरजण, त्याला ऊब देतात. तिथे पुस्तक चालत नाही. मी पिंपाला डबल बेडची सोलापुरी चादर गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि ते कपडे वाळवायच्या यंत्राला टेकवून ठेवलं. यंत्र दिवसभर कुणी ना कुणी चालवतच असतं.

सोमवारी ऑफिसमधून परतलो तर फ्राऊ हेबर्ले जिन्याच्या तळाशी उभ्या. त्यांच्या पायाशी तळघराच्या दाराखालून तपकिरी फेस हळूहळू पायऱ्यांकडे येत होता. वास थेट गुऱ्हाळाचा.

"आल्झो," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी हा 'तर मग' इतका लांबवलेला मी ऐकला नव्हता. "या आठवड्याची पाटी कुणाच्या दारावर आहे?"

पाटी माझ्याच दारावर होती. मी साडेतीन तास जिना पुसला. फ्राऊ हेबर्ले मधूनमधून येऊन सांगत होत्या की त्यांचे दिवंगत यजमान सफरचंदाची दारू करायचे आणि तिचा एक थेंब जिन्यावर आला नाही. शेवटी त्या फलकावरच्या माझ्या कागदासमोर चष्मा लावून उभ्या राहिल्या. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग पेन्सिल काढली. लॅमिनेशनवर पेन्सिल उठेना, तेव्हा मार्कर आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सरकारी कागदावर खाली भागाकार होता. दोनशे भागिले आठ बिऱ्हाडं: पंचवीस लिटर. शेजारी टीप: 'इमारतीचा हाउसफेस्ट, शनिवार १ ऑक्टोबर, सकाळी ११, अंगणात. बिअर: तिसरा मजला. बटाट्याचं सॅलड: हेबर्ले.' तिसरा मजला म्हणजे आम्ही. खाली सगळ्यांच्या सह्या.

मी समजावायला गेलो. दोनशे हा फक्त अंदाज आहे, प्रत्यक्षात वीस, त्यातले सहा जिन्यावर गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की सरकारला दोनशे लिहून दिलेला माणूस चौदा आणणार नाही, तेवढी त्यांना माणसांची पारख आहे. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्यानं नवऱ्याच्या भावाला ऱ्होस्टॉकहून बोलावलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ एरवी माझ्याकडे बघत नसत. ते आता जिन्यात टोपी काढू लागले. खोटं का सांगू, मला ते आवडलं. नागेशला त्याच्या इमारतीत कुणी टोपी काढत नव्हतं. मी चौकशी केली होती.

पाच सप्टेंबरला गणपती आले. नीतानं वरचं कपाट उघडलं. जे बोलणं झालं त्याचा सारांश असा, की त्या वर्षी आमच्याकडचे मोदक सुपरमार्केटमधल्या बीटच्या साखरेचे झाले, आणि प्रसाद हातात देताना नीता प्रत्येकाला कारण सांगत होती.  नानांनी मोदक खाल्ला आणि मला एक बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी नागेशनं स्टुटगार्टच्या श्रीलंकन दुकानातून गूळ आणून दिला. त्याला कुणी मागितला नव्हता. ही त्याची वाईट सवय आहे.

आणि बुलडॉग जिंकत होते. सातव्या नंबरवरून, परक्या मैदानांवर, एकामागून एक. दर शनिवारी नाना परत यायचे ते आधीच्या शनिवारपेक्षा दोन इंच उंच. मी त्यांना एकदा जेवताना शक्यतेचं गणित समजावून सांगितलं होतं, सातव्या नंबरचा संघ का जिंकू शकत नाही याचं. कागदावर मांडून. तो कागद त्यांनी फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला.

एक ऑक्टोबरला पहाटे साडेसहाला अंतिम सामना सुरू झाला. मी गेलो नाही. तळघरात माझी बिअर बाटल्यांतून जगमध्ये काढत होतो. चौदा लिटर. रंग सुंदर, थेट काकवीसारखा. फेस मात्र नाही. सगळा फेस ऑगस्टमध्येच जिन्यावर येऊन गेला होता. सव्वानऊच्या सुमारास गल्लीच्या वरच्या टोकाकडून एक आरोळी आली, आणि तिच्यातला नानांचा आवाज मला ओळखू आला. खो-खोच्या मैदानावरचा, तीस वर्षांपूर्वीचा. बुलडॉग बासष्ट वर्षांनी जिंकले होते.

अकराला अंगणात एकतीस माणसं जमली. टेबलं, सॅलड, सॉसेज, ऱ्होस्टॉकचा भाऊ. चौदा लिटर एकतिसांत कसे पुरवावे या विवंचनेत मी असताना फाटकातून नाना आले. गळ्यात लाल-निळा मफलर. मागे नागेश, एक छोटी लाकडी हातगाडी ओढत. गाडीत फ्रिज रिकामा करून आणलेला: अस्वलं, कवट्या, बुडणारी जहाजं.

"सर, नाना म्हणाले तुमच्याकडे आज माणसं जास्त आहेत," नागेश म्हणाला. "राहू द्या हाताशी. आधी तुमचीच उघडू."

त्यानं तेवढं तरी म्हणायला नको होतं.

माझी उघडली. एकतीस ग्लासांत चार-चार बोटं.  मी नानांकडे पाहत होतो, फक्त नानांकडे. त्यांनी ग्लास हातात धरून गरम होऊ दिला. वास घेतला. घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पंचाचा चेहरा. मग ते दोन पावलं मागे सरले, पाय जुळवले, आणि एक बोट पुढे केलं.

"काढा म्हणून उत्तम आहे," ते म्हणाले. "खोकला झाला तर मी दुसरं काही घेणार नाही."

त्यानंतर नागेशच्या बाटल्या उघडल्या. त्यानं ओरडून सांगितलं की ही बिअर बारा टक्क्यांची आहे, छोट्या ग्लासात, सावकाश. पण श्वाबेनचा माणूस बिअर अर्ध्या लिटरनंच मोजतो. साडेबाराला दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सॅलडच्या भांड्याला टोपी काढत होते. एक वाजता नाना एका प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून सगळ्या इमारतीला गोल आणि चुकलेला गोल यांतला फरक हातवाऱ्यांनी शिकवत होते, आणि एकतीस माणसं त्यांच्या मागोमाग बोटं पुढे करत होती. फ्राऊ हेबर्लेसुद्धा. शनिवार असून अंगण झाडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. जाताना प्रत्येकानं माझा हात हातात घेऊन आभार मानले: नागेशला बोलावल्याबद्दल.

माझी सात लिटर उरली. फ्राऊ हेबर्ले ती घेऊन गेल्या. संध्याकाळी दार वाजवून त्यांनी सांगितलं की वाफ्यांत गोगलगायींसाठी बिअरच्या वाट्या ठेवायची त्यांची पद्धत आहे, आणि आजवर इतक्या गोगलगायी कुठल्याच बिअरला आल्या नव्हत्या. कुंपणापलीकडच्यासुद्धा आल्या. मी त्यांना आकडा विचारला. एखाद्याला आपली कदर कुठे होईल हे सांगता येत नाही.

पिंप धुवायला मी तळघरात गेलो तर मागून नाना उतरले. मफलर अजून गळ्यात. त्यांनी सोलापुरी चादर उचलून पाहिली. ती आता आपल्या आपण उभी राहत होती.

"गूळ तुम्ही घेतलात हे मला सातव्या मिनिटाला कळलं होतं," ते म्हणाले. "जिन्यात वास होता."

मी पिंप घासत राहिलो. मग विचारलंच. "नाना, नागेशकडे असं काय आहे?"

नाना वाळवायच्या यंत्रावर टेकले. "काही नाही हो. तो विचारतो. मी सांगतो. पंचाला निवृत्त झाल्यावर कोण विचारतं? तुमच्याकडे मी तीनदा आलो, दीनानाथराव. ग्लास कसा धरायचा ते मला आता झोपेतसुद्धा येतं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे एक तास चाळीस मिनिटांचं होतं. पण मी नळ बंद केला आणि गप्प राहिलो. ते मला कठीण गेलं.

तीन तारखेला आम्ही त्यांना फ्रँकफर्टला सोडायला निघालो. नीता मागे, नाना पुढे. कार्ल्सरूहच्या अलीकडे मी घसा साफ केला आणि विचारलं, "नाना, त्या लोकांना बासष्ट वर्षं का लागली?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी सीट जराशी मागे घेतली आणि सांगायला सुरुवात केली. पंच्याऐंशी साली बुलडॉग दाराशी येऊन कसे परतले. एकोणनव्वदला क्लब दुसऱ्यात विलीन करायचं ठरलं, तर वस्तीतल्या लोकांनी डबे खुळखुळवत रस्तोरस्ती फिरून तो वाचवला. सत्त्याण्णव साली दोन गुणांनी काय घडलं. वाल्डॉर्फची पाटी गेली तेव्हा आम्ही आठ सालात होतो. मी एकदाही मध्ये बोललो नाही, एका ठिकाणी तर "मग?" असं म्हणालो. गाडी मी इतकी सावकाश चालवली की मागून बसगाड्या हॉर्न देत होत्या.

विमानतळावर आत जाण्याआधी नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी यापूर्वी कधी ठेवला नव्हता. "आज बरं विचारलंत," ते म्हणाले. मी कृतकृत्य झालो. मग ते म्हणाले, "नागेशनं जुलैतच एक विचारलं होतं, ते मात्र मोठं होतं," आणि आत गेले.

परतीच्या वाटेवर तीस किलोमीटर मी कळ काढली. मग नीताला विचारलं, नागेशनं काय विचारलं होतं, तुला काही कल्पना.

तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. "त्यानं विचारलं होतं, नाना, एवढ्या वर्षांत तुमचा एखादा निर्णय चुकला का?"

प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी मनात कबूल केलं. "मग? काय म्हणाले?"

"एकाबद्दल शंका आहे म्हणाले. दोन हजार सालच्या." ती खिडकीबाहेर बघत होती. "पण एकदा दिलेला निकाल पंच फिरवत नाही म्हणाले."

मी आठवून पाहिलं. खो-खोची शिट्टी नानांनी अठ्ठ्याण्णव सालीच खाली ठेवली होती. दोन हजार साली त्यांनी एकच निर्णय दिला होता, मुलीच्या लग्नाचा. आणि तो निर्णय सध्या उजव्या लेनमधून, ताशी नव्वदच्या वेगानं गाडी चालवत होता.